मेपलचा पाट

वॉटर्लू,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय उल्काताई,

नमस्कार. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून बाहेर पडलात, फोन केला तर मीटिंगमध्ये असता, म्हणून ईमेलवर लिहितेय. लांबलं तर रागावू नका. मी अमरावतीची, आमच्याकडे थोडक्यात सांगायची पद्धत नाही.

आईंना जाऊन नोव्हेंबरात वर्ष होईल. तुम्ही तिकडे तिथीप्रमाणे जे करायचं ते कराल. इथल्या लोकांनी ठरवलंय की आठ नोव्हेंबरच्या शनिवारी कम्युनिटी सेंटरचा हॉल घ्यायचा आणि ज्याला वाटेल त्यानं आईंची एखादी आठवण सांगायची. सगळं वॉटर्लू-किचनर तुमच्या आईंना प्रमोदिनीकाकू म्हणायचं, मी एकटी आई म्हणते, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आठवणींना काय तोटा हो. एकोणनव्वद वर्षं जगल्या आणि शेवटच्या आजारापर्यंत त्यांचं बेसमेंट रिकामं म्हणून कधी पाहिलं नाही. खाली जुन्या विंटर कोटांचा रॅक. भारतातून पातळसं जॅकेट घालून आलेलं पोर दिसलं की त्याला हाताला धरून खाली न्यायच्या आणि मापाचा कोट चढवूनच वर आणायच्या. नव्या मुलांना पिअर्सन विमानतळावर आणायला जाणं, पहिल्या बर्फात न पडता कसं चालायचं ते ड्राइव्ह-वेवर चालवून शिकवणं, रविवारची मराठीची शाळा. तो नागपूरचा एकटा गृहस्थ हिवाळ्यात वारला, त्याचं इथे कुणी नव्हतं, तेव्हा फ्युनरल होममध्ये त्याच्यापाशी दिवसभर बसून राहिल्या त्या याच.

आणि बाळंतपणं. ज्या मुलीच्या आईला व्हिसा मिळाला नाही तिचं बाळंतपण काकूंनी करायचं हे तर गावात ठरूनच गेलं होतं. माझ्या परीक्षितच्या वेळेस त्यांनी मागच्या डेकवर बार्बेक्यूत निखारे फुलवले, घमेल्यातून घरात आणले, त्यावर ओवा-वावडिंग टाकून धुरी दिली आणि स्मोक अलार्म कोकलायला लागला. शेजारणीनं नाइन-वन-वन केलं. फायर ट्रकमधून दोन धिप्पाड माणसं उतरली. आईंनी त्यांना डिंकाचे लाडू खाऊ घालून परत पाठवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून अलार्मवर शॉवर कॅप चढवून धुरी सुरू. हा किस्सा मी सांगणार आहे, आधीच बुक करून ठेवते.

तुमच्याकडून दोन पानं हवीत. लेकीशिवाय कार्यक्रम कसा व्हायचा? येणं जमलं नाही तर मी वाचून दाखवीन.

आणि तुमच्या ऊर्मीची काळजी करू नका. पहिलटकरीण, त्यात जानेवारीतले दिवस, आणि जावई प्रणवराव कामात बुडालेले. पण मी इथे आहे ना. रविवारी ती एलआरटीच्या गाडीनं येते, वरणभात जेवते आणि माझ्या सोफ्यावर झोपते. आजी गेल्यापासून तिला आपलं घर असं हेच. तेल-पाणी, धुरी, लाडू सगळं मी बघीन. आईंचा तो मेपलचा पाट माझ्याकडेच असतो, त्यावर बसून तिच्या बाळाला न्हाऊ घालीन. तुम्ही अगदी निश्चिंत राहा.

तुमची,
चित्रा


कॅल्गरी,
२१ सप्टेंबर २०२५

चित्राबाई यांस,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. एकदा किचनमध्ये आणि दुसऱ्यांदा गराजमध्ये कारमध्ये बसून, कारण किचनमध्ये संजय विचारायला लागला की भांडी का आपटतेस.

ग्रुपमधून मी चुकून बाहेर पडले नाही. आई गेली त्या आठवड्यात त्या ग्रुपवर जो तो 'माझी तर आईच गेली' असं लिहीत होता. खाली हात जोडलेले, फुलं, रडके चेहरे. माझ्या पोटात दुखायला लागलं, खरंच दुखायला लागलं. मी तिची एकुलती एक मुलगी, आणि त्या रांगेत माझा नंबर कितवा तेच मला कळेना. म्हणून बाहेर पडले.

तुम्ही कोटांचा रॅक लिहिलात. त्या रॅकवर माझा निळा कोट होता. मी दहा वर्षांची असताना आम्ही पुण्याहून इथे आलो, बाबा किचनरला टायरच्या कारखान्यात लागले. या देशात मला आवडलेली पहिली वस्तू म्हणजे तो कोट. एक दिवस शाळेतून आले तर कुणाची तरी मुलगी तो घालून आमच्या अंगणात खेळत होती. 'तुला आखूड झाला होता ना गं,' आई म्हणाली. झाला नव्हता. रविवारच्या शाळेत ती सगळ्यांच्या वह्या तपासायची, पाठीवरून हात फिरवायची, आणि माझी वही सगळ्यात शेवटी, जेवणं झाल्यावर, कारण मी घरचीच. माझ्या ग्रॅज्युएशनला ती अर्ध्यात पोचली, कुणाला तरी पिअर्सनहून आणायचं होतं. बाबा म्हणायचे, घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. ते हसत म्हणायचे. मला तेव्हाही हसू येत नव्हतं.

आता तुमचा फायर ट्रक. तो फेब्रुवारी सत्त्याण्णव होता. त्याच महिन्यात माझी ऊर्मी झाली, इथे कॅल्गरीत, बाहेर उणे तीस. माझी आई आली नाही. माझ्या सासूबाई वनिताबाई आल्या, त्या फार चांगल्या होत्या, पण त्यांनी मला शेकायला गरम पाण्याची बाटली दिली आणि बाळाला स्पंजनं पुसलं, कारण त्यांना त्यातलं तेवढंच येत होतं. आणि माझी आई, जिनं अख्ख्या गावाच्या बाळंतिणी शेकल्या, ती तेव्हा तुमच्या मुलाला धुरी देत होती. ते तुम्ही माइकवर सांगणार आणि हॉल हसणार. सांगा. अठ्ठावीस वर्षं मी हा किस्सा कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकत आलेय.

तिला आई म्हणायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं, हेही एकदा विचारायचं होतं.

तर दोन गोष्टी. तो पाट मला पाठवून द्या. कुरिअरवाला मी तुमच्या दारात पाठवते. बाबांनी तो तुमच्याच बाळंतपणासाठी केला असेल, तरी हात माझ्या बाबांचे आहेत. आणि दुसरं, ऊर्मीची चिंता तुम्ही करू नये. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ती कॅल्गरीला येईल. वरची खोली रंगवून घेतलीय, पडदे बदललेत, आळीव आणि डिंक आणून ठेवलाय. मी तिला अजून काही बोलले नाही, पण त्यात विचारायचं काय? स्वतःच्या घरी यायला लेकीला निमंत्रण लागत नाही.

लेखाचं बघते.

उल्का


वॉटर्लू,
२८ सप्टेंबर २०२५

उल्काताई,

तुमचं पत्र वाचून गुरुदत्त म्हणाले, उत्तर देऊ नकोस. आमच्या लग्नाला तीस वर्षं होत आली, ते हेच म्हणत आलेत आणि मी देतच आलेय.

पाट देता येणार नाही. तो सध्या किचनरला श्रावणीकडे आहे. तिचं बाळ जेमतेम तीन आठवड्यांचं. सव्वा महिना व्हायच्या आत बाळाच्या घरातून पाट हलवायचा नाही हा आईंचा नियम, तो मी मोडणार नाही. तुमची जीभ रेटत असेल तर तुम्हीच तिला फोन करून मागून पाहा.

आई म्हणायला कुणी सांगितलं? कुणीच नाही. मी पंचवीस वर्षांची होते. माझी आई अमरावतीत, व्हिसा दोनदा नाकारलेला. ज्या बाईनं माझे सुजलेले पाय मांडीवर घेतले तिला काकू म्हणायला माझी जीभ वळेना. त्यांनी म्हण म्हटलं नाही, म्हणू नको असंही म्हटलं नाही.

आणि बोलायचंच म्हणता तर बोलते. शेवटची दोन वर्षं त्यांना डॉक्टरकडे नेणं, ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हलनं काढणं, त्यांचे केस विंचरणं, पथ्याचं जेवण देणं, हे मी केलं. मला त्याचं काही वाटत नाही, उलट दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला चाललं नसतं. पण तुम्ही कॅल्गरीहून फोनवर मला सांगायचात की भातात मीठ कमी घाला आणि खोलीचा हीट वाढवा. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं ताई. दर उन्हाळ्यात तुम्ही दोन आठवडे यायचात तेव्हा आई आठ दिवस आधीपासून मला सांगायच्या, आता तू येऊ नकोस, उल्का येतेय. आणि मी घरी बसायचे. तुम्ही गेलात की परत जायचे. हे तुम्हाला कधी दिसलं का?

तुमच्या बाळंतपणाला त्या आल्या नाहीत म्हणता. मला त्यांनी वेगळं सांगितलं होतं. 'उल्कानं बोलावलं नाही,' असं म्हणाल्या होत्या. एकदाच म्हणाल्या, पण माझ्या या कानांनी ऐकलंय.

चित्रा


कॅल्गरी,
३० सप्टेंबर २०२५

चित्राबाई,

बोलावलं नाही? आईला बोलवायचं असतं?

ज्यांची ओळख नाही, पाळख नाही, अशा मुलींच्या घरी ती बोलावल्याशिवाय लाडवांचा डबा घेऊन जायची. बर्फात बस बदलून जायची. आणि पोटच्या मुलीकडे यायला तिला आमंत्रणपत्रिका हवी होती?

तुम्ही हे रचून सांगताय, असं मी लिहिणार होते. लिहिलंही होतं, मग खोडलं. तुम्ही आगाऊ आहात, पण खोटं बोलणाऱ्यातल्या नाही. म्हणून विचारते. कधी म्हणाली ती हे? कशावरून निघालं? सगळं लिहा. मला लागेल म्हणून काही गाळू नका, माझं लागायचं ते लागून झालंय.

परवा ऊर्मी फोनवर म्हणाली की चित्रामावशीच्या मेथीच्या भाजीला डिट्टो आजीची चव आहे. मी म्हटलं, हो का, छान. फोन ठेवला आणि त्या दिवशी केलेली माझी मेथीची भाजी कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये ओतली. संजय बघत होता. पुढच्या वर्षी रिटायर व्हायच्या गोष्टी करतेय मी, आणि हे माझे उद्योग.

तुमच्या पत्राची वाट बघते.

उल्का


वॉटर्लू,
१३ ऑक्टोबर २०२५

उल्काताई,

आज थँक्सगिव्हिंगची सुट्टी. परीक्षित टोरोंटोहून येणार होता, त्याला बँकेत काम निघालं. गुरुदत्त पानं गोळा करताहेत. म्हणून बसलेय.

हे कुणाला सांगू नको असं आईंनी मला कधीच म्हटलं नाही. मीच सांगितलं नाही. का, ते शेवटी लिहिते.

जानेवारी सत्त्याण्णवची गोष्ट. गुरुदत्त युनिव्हर्सिटीत शिकत होते, आम्ही एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो, मला आठवा लागला होता. आईंची ओळख साधीच, मंडळातली. एक दिवस त्यांचे डबे परत द्यायला त्यांच्या घरी गेले. वॉशरूमला म्हणून वर गेले तर शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पलंगाच्या पायांखाली विटा घालून तो उंच केलेला, खालून शेक देता यावा म्हणून. खिडकीला जाड पडदे आणि फटींना टेप, वारा यायला नको. टेबलावर झबली-टोपडी, सगळी पिवळी, कारण मुलगा की मुलगी ते ठाऊक नाही. भारतातून मागवलेला डिंक, खारीक, बाळंतशेपा, सगळं बरण्यांत भरून ठेवलेलं. आणि भिंतीला उभा तो पाट, नवाकोरा, बाथटबच्या आत बरोबर बसेल अशा मापाचा. त्याला पॉलिश नव्हतं. सूर्यकांतकाका, तुमचे बाबा, म्हणाले होते, तान्ह्या बाळाच्या नाकाला वास नको.

मी विचारलं, हे कोणाचं बाळंतपण? आई म्हणाल्या, 'उल्का येणारे. पहिलं बाळंतपण माहेरी.'

तो पाट तुमच्यासाठी केलेला आहे ताई. माझ्यासाठी नव्हे.

तुमचा फोन रविवारी यायचा. शाळा सुटल्यावर मी चहाला थांबायचे, म्हणून दोन-तीनदा मी समोरच होते. आई थंडीचं विचारायच्या, डॉक्टर काय म्हणाला ते विचारायच्या, जपून चाल म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. काका म्हणायचे, 'अगं, कधी येतेस ते तरी विचार तिला.' तर आई म्हणायच्या, 'त्यात विचारायचं काय? स्वतःच्या घरी यायला लेकीला निमंत्रण लागतं का?'

तुमच्या पहिल्या पत्रात हेच वाक्य आहे.

मग कुणीतरी त्यांना सांगितलं की दिवस भरत आले की विमानात घेत नाहीत. त्या दिवशी त्यांनी त्या खोलीचं दार लावून घेतलं. काकांनी पाट गराजमध्ये नेऊन ठेवायचं विचारलं, तर म्हणाल्या, राहू दे. पुढच्याच आठवड्यात माझ्या आईचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारल्याचं कळलं. आई आमच्या अपार्टमेंटमध्ये आल्या, मी रडत होते, त्यांनी मला गप्पसुद्धा केलं नाही. माझे चार कपडे पिशवीत भरले आणि म्हणाल्या, 'चल. खोली तयार आहे.'

परीक्षित झाला, आणि आठेक दिवसांनी तुमची ऊर्मी. फोन आला तेव्हा आई टबमध्ये त्या पाटावर बसल्या होत्या, पाय लांब करून, परीक्षित त्यांच्या पायांवर पालथा. काकांनी लांब वायरीचा फोन बाथरूमच्या दारापर्यंत आणला. आईंचे हात तेलाचे, म्हणून काकांनीच रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला. मुलगी झाली ऐकून त्या हसल्या. मग म्हणाल्या, 'मी येऊ का?' तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, 'बरं, बरं. वनिताबाई आहेत ना, मग काळजी नाही.' फोन ठेवला. मग त्यांनी कढत पाण्याचा तांब्या उचलला आणि विसण न घालताच बाळावर ओतायला निघाल्या. काकांनी तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतला. एवढी बाळं न्हाऊ घातली त्यांनी, पण हात असा चुकलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. तेव्हा म्हणाल्या त्या काकांना, 'उल्कानं बोलावलं नाही हो.' पुढे काही नाही. बाळाचं अंग पुसलं, मला बोलावलं, लाडू खायला लावला.

ते लाडू तुमच्या वाटणीचे होते. मला ते कळत होतं आणि मी खात होते. सव्वा महिना खाल्ले.

आता का सांगितलं नाही ते. तुम्ही माझ्यावर जळता, तसा मलाही तुमचा हेवा वाटत आलाय. माझी पाठ चोळताना त्या विचारायच्या, 'उल्का, लागतंय का गं?' मी म्हणायचे, 'नाही आई.' तेव्हापासून मी आई म्हणते, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. शेवटच्या आजारात तर मी त्यांना उल्काच होते. मी कधी दुरुस्त केलं नाही. मला आपलं वाटायचं, कधीतरी त्याच आवाजात चित्राही म्हणतील. म्हणाल्या नाहीत. तुम्हाला त्या खोलीचं सांगितलं असतं तर उरलंसुरलंही तुमच्याकडे गेलं असतं. म्हणून गप्प बसले.

आताही बसणार होते. काल ऊर्मी आली होती. मी सहज विचारलं, कॅल्गरीला कधी निघणार? तिचे डोळेच भरून आले. म्हणाली, 'आई काही बोललीच नाही. शी मस्ट बी बिझी. मी कशाला तिला ट्रबल देऊ? इट्स ओके मावशी, तू आहेस ना.' तू आहेस ना, हे ऐकून मला काय वाटलं ते तुम्हाला कळायचं नाही. मी गप्प बसले की तिचं बाळंतपण माझ्या हातात येत होतं. मला ते हवं होतं ताई, फार हवं होतं. रात्रभर झोप आली नाही त्या मोहानं.

डिसेंबर लागला की ऊर्मीलाही विमानात घेणार नाहीत. पुढचं तुम्ही बघा.

चित्रा


कॅल्गरी,
२६ ऑक्टोबर २०२५

चित्रा,

दिवाळी अशी कधी गेली नव्हती. फराळाचं केलं, पण कशात काय घातलं ते आठवत नाही. तुझं पत्र घेऊन मी त्या रंगवलेल्या खोलीत जाऊन बसायचे. पिवळ्या पडद्यांची खोली. आई ती पिवळी झबली शिवत असणार तेव्हा मी इथे बाळाचा क्रिब जोडत होते आणि म्हणत होते, आई येईलच ना, सांगायला कशाला हवं.

मी इथली नोकरी आणि डॉक्टर सोडून कशी जाणार होते? तिला कळायला हवं होतं. आणि मला कळायला हवं होतं की ती बोलावल्याशिवाय व्याह्यांच्या घरात पाय टाकायची नाही. दोघी आपापल्या ठिकाणी खोल्या लावून बसलो होतो.

त्या फोनवर मी काय म्हणाले ते तुला ऐकू आलं नाही, तर ऐक. 'नको आई, थंडीत कशाला त्रास.' एवढंच म्हणाले आणि फोन कानाला धरून थांबले. आमच्या घरी पहिल्या 'नको'ला कुणी ऐकत नाही. माझी आई एक जिलबी वाढायला पानावर आडवे धरलेले हात बाजूला सारायची. ती माझं पहिलंच 'नको' ऐकून 'बरं, बरं' म्हणेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. ती म्हणाली. मग मलाही पुढे बोलवेना. नंतर कधीच तो विषय निघाला नाही, ना तिनं काढला ना मी. पाट मात्र गावभर फिरला.

माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी अजून तिच्यावर रागावलेली आहे. सगळ्या गावाला वाटून उरलेली आई मला मिळाली, त्यातून मी एवढंच मागत होते की तिनं दुसऱ्यांदा विचारावं.

आणि तुझ्यावरचाही राग गेलेला नाही. तुला ती माझ्या नावानं हाक मारायची हे वाचून मला आनंद झाला. वाईट आनंद, पण झाला. दोन दिवस मी तो पुरवून पुरवून वापरला. तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे तू आलीस, 'नाही आई' म्हणताना, आणि तो संपला.

मग ऊर्मीला फोन केला. म्हटलं, कॅल्गरीला येतेस का बाळंतपणाला? खोली लावलीय तुझ्यासाठी. ती म्हणाली, प्रणव इथे, डॉक्टर इथे, कसं जमेल? बरोबर होतं तिचं. तेव्हा म्हटलं, 'मग मी येऊ का?'

पोरगी काय म्हणाली असेल? 'नको आई, विंटरमध्ये कशाला त्रास.'

मी फोन कानाला धरून बसले. तिनंही ठेवला नाही. पलीकडे टीव्ही चालू होता तो तिनं बंद केलेला मला ऐकू आला. बरं, बरं, असं माझ्या तोंडाशी आलं होतं, अगदी जिभेच्या टोकाशी. मग म्हटलं, 'ऊर्मी, मी येऊ का?' ती म्हणाली, 'तुझं ऑफिस आहे, यू डोन्ट हॅव टू.' मी म्हटलं, 'ऑफिसचं नाही विचारलं. मी येऊ का?' मग ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. म्हणाली, 'कधी येतेस? कॅन यू कम बिफोर ख्रिसमस?'

ख्रिसमस कशाला, सात नोव्हेंबरला संध्याकाळी येतेय. मार्चपर्यंत रजा टाकलीय. संजय म्हणाला, आणि मी? म्हटलं, फ्रीजवर वरणभाताची कृती लावलीय.

लेख पाठवत नाही. शनिवारी हॉलमध्ये मीच बोलणार. तुझा फायर ट्रक आधी होऊन जाऊ दे, लोक हसून घेतील, मग मी उठेन. निळ्या कोटाचं सांगेन. ती मुलगी हॉलमध्ये असेल तर तिला उभं राहायला सांगणार आहे. आणि त्या बंद दाराच्या खोलीचं सांगेन, म्हणजे गावाला एकदा कळेल की सगळ्यांना देणाऱ्या बाईला एक गोष्ट कशी मागता आली नाही. तू पहिल्या रांगेत बस. तिला आई म्हणायचं असेल तर म्हण, पण माइकवर माझ्यादेखत जरा कमी म्हण.

श्रावणीचा सव्वा महिना आता झाला असेल, पाट आणून ठेव. ऊर्मीच्या बाळाला न्हाऊ मी घालणार, हे आत्ताच सांगून ठेवते. मला येत नाही. माझं बाळंतपण बाटलीवर झालं. तू टबच्या काठावर बसायचं आणि आईचा हात कसा चालायचा ते सांगायचं, किती तेल, कुठे दाबायचं, विसण किती. तो हात तू पाहिलायस, अंगावर घेतलायस, मी नाही. त्याचा मला हेवा वाटतो आणि तो मरेपर्यंत वाटणार आहे. धुरी तू दे. शॉवर कॅपही तूच चढव.

मेथीची भाजी करून ठेव. मला तिची चव बघायचीय.

आणि मला आणायला पिअर्सनला येऊ नकोस. मी टॅक्सी करीन. एवढ्या लांब, थंडीत, कशाला त्रास. हे मी एकदाच म्हटलंय, लक्षात ठेव.

तुझी,
उल्का